पत्त्यावरून टपालाची वाटणी
(रेडिओवरील भाषण)



१५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे कोकणातले, डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. त्यांच्यापुढचा प्रश्न दिसायला साधा, पण चिवट होता. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा अनेक, आणि टपाल वेगळं करणाऱ्याला प्रत्येक लिपी वाचता येईलच असं नाही. त्यावर सहा आकड्यांचा तोडगा निघाला. पहिला आकडा विभागाचा, पहिल्या तिनांत टपालाचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात. सॉर्टिंगला बसलेला माणूस पत्र कोणी पाठवलं ते बघत नाही, आत काय लिहिलंय ते तर त्याने बघायचंच नसतं. पत्र कुठे जायचंय, तेवढं तो बघतो आणि त्या खणात टाकतो.

ईमेलची वाटणीही अशीच पत्त्यावरून करावी, असं मला आज सुचवायचं आहे. आपण नेमकं उलटं करतो.

आपल्यापैकी अनेकांच्या इनबॉक्समध्ये विजेचं बिल, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट, नातीच्या शाळेचं पत्रक, लॅबचा रिपोर्ट आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत आलेला चपलांचा सेल, असं एकत्र पडलेलं असतं. कंटाळून कोणीतरी फिल्टर लावतो. फिल्टर म्हणजे आलेल्या पत्राचं काय करायचं, याचा आपण आधीच घालून दिलेला नियम. बहुतेकांचा पहिला नियम असतो तो शब्दावरून: ज्या पत्रात ‘ऑफर’ हा शब्द असेल ते थेट कचऱ्यात. दोन-चार महिने छान जातात. मग मुलाच्या नोकरीचं ऑफर लेटर येतं आणि तेही बिनबोभाट कचऱ्यात जातं. नियमाने त्याचं काम चोख केलेलं असतं!

पाठवणाऱ्याच्या नावावरून केलेला नियम त्याहून बरा, पण तोही लंगडाच. एकाच कंपनीचं बिल एका पत्त्यावरून येतं, पावती दुसऱ्यावरून, जाहिरात तिसऱ्यावरून. शिवाय पाठवणाऱ्याच्या रकान्यात दिसणारं नाव कोणीही काहीही लिहू शकतो. नुसत्या बँकेच्या नावावर नियम बांधला, तर त्या नावाने आलेल्या भामट्याच्या पत्रावरही आपणच ‘बँक’ अशी चिठ्ठी लावून ते मानाने आत घेतो.

यावर उपाय असा, की ज्याला त्याला वेगळा पत्ता द्यायचा. नवी खाती उघडायची नाहीत. एकाच खात्याला अनेक पत्ते असू शकतात, त्यांना एलियस म्हणतात. जीमेलमध्ये हे फुकट आणि आपोआप मिळतं. तुमच्या पत्त्यात ॲटच्या आधी जे नाव आहे, त्याला चिकटून अधिकचं चिन्ह द्यायचं आणि पुढे रोमन लिपीत कुठलाही शब्द, मग ॲट जीमेल डॉट कॉम. नावापुढे अधिक बँक, अधिक शाळा, अधिक दुकान. कुठेही नोंदणी करावी लागत नाही, पत्ता बोलता बोलता तयार होतो. ही सगळी पत्रं तुमच्याच खात्यात येतात, फक्त कोणत्या पत्त्यावर आली ते पत्रावर नोंदलेलं राहतं. आउटलुकमध्येही अधिकच्या चिन्हाची सोय आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या एका खात्याला दहापर्यंत निराळे एलियस जोडता येतात.

आता नियम करायचा तो ‘टू’च्या रकान्यावर. त्यासाठी कॉम्प्युटरवर बसा, कारण जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला एक खूण आहे, ती दाबली की रकाने उघडतात. ‘टू’ समोर तुमचा नवा पत्ता घाला, ‘क्रिएट फिल्टर’ दाबा आणि त्यावर लेबल लावायला सांगा. दुकानांच्या पत्त्यासाठी ‘स्किप द इनबॉक्स’ हीसुद्धा खूण करा. ती पत्रं मग समोर न येता आपल्या लेबलाखाली जाऊन बसतात. बँकेच्या आणि दवाखान्याच्या पत्त्याला मात्र ही खूण करू नका. लेबल लावा आणि इनबॉक्समध्येच राहू द्या. नजरेआड गेलेलं पत्र आपण वाचत नाही.

याचा आणखी एक उपयोग आहे. दुकानातल्या काउंटरवर मोबाइल नंबर मागतात, हल्ली ईमेलही मागतात. तिथे त्या दुकानाच्या नावाचा पत्ता द्या. पुढे कधी त्याच पत्त्यावर कर्ज देणाऱ्याचं पत्र आलं, तर आपला पत्ता कुठून बाहेर पडला हे विचारत बसावं लागत नाही. तो पत्ता कचऱ्याकडे वळवला की काम झालं.

हाच विचार आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांनी केला तर केवढा त्रास वाचेल! अनेक ठिकाणी सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार सेक्रेटरींच्या खासगी ईमेलवर चालतो. लिफ्टच्या देखभालीचा करार, ऑडिटरची पत्रं, सभासदांच्या तक्रारी, सगळं तिथेच. निवडणूक होते, नवी कमिटी येते आणि जुन्या सेक्रेटरींच्या मागे लागून एकेक पत्र फॉरवर्ड करून घ्यावं लागतं. ते परदेशी मुलीकडे गेलेले असले तर विचारायलाच नको. सोसायटीच्या नावाने एक खातं काढावं आणि त्याच्यापुढे अधिक हिशेब, अधिक दुरुस्ती, अधिक भाडेकरू असे पत्ते नोटीस बोर्डावर लावावेत. माणसं बदलली तरी पत्ता पदाचा राहतो. इंटरनेटच्या जगात ही पद्धत जुनी आहे. संस्थांनी ‘इन्फो’, ‘सपोर्ट’, ‘पोस्टमास्टर’ असे पदाचे, कामाचे पत्ते ठेवावेत, असं सुचवणारा दस्तऐवज १९९७ मध्येच निघाला आहे.

अडचणीही सांगायला हव्यात. काही वेबसाइट अधिकचं चिन्ह असलेला पत्ता घेतच नाहीत, चुकीचा ठरवतात. तिथे मुकाट्याने साधा पत्ता द्यावा लागतो. कुठे कोणता पत्ता दिला ते वहीत लिहून ठेवावं लागतं, नाहीतर कस्टमर केअरवाल्याने नोंदणीचा ईमेल विचारला की आपणच गडबडतो. उत्तर पाठवताना जीमेल तुमचा मूळ पत्ताच वापरतं, जोवर सेटिंगमध्ये ‘सेंड मेल ॲज’खाली दुसरा जोडलेला नाही. आणि अधिकच्या पुढचा भाग खोडला की मूळ पत्ता उघडा पडतो, म्हणून ही सोय वाटणीसाठी आहे, लपण्यासाठी नाही. लपायचंच असेल तर ॲपलचं ‘हाइड माय ईमेल’ किंवा ‘फायरफॉक्स रिले’ अशा सेवा आहेत. त्या भलताच एक पत्ता तयार करून देतात, त्यावर आलेलं तुमच्याकडे वळवतात आणि नको झालं की तो बंद करता येतो.

किती नियम करावेत? माझ्या मते पाच-सहा पुरेत. चाळीस लेबलं करणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्यांना पत्र शोधताना आधी लेबल शोधावं लागतं.

आणि शेवटी एक गोष्ट, जी एकही फिल्टर न लावणाऱ्यांनीही करायची आहे. एखाद्याच्या खात्यात चोर शिरला की तो पासवर्ड बदलतोच असं नाही. कित्येकदा तो गुपचूप एक फिल्टर लावून जातो: बँकेकडून येणारी पत्रं दुसऱ्या पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक. मालकाला सूचना दिसतच नाहीत. पुढे मालकाने पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर जागच्या जागी राहतो. म्हणून जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ आणि त्याच्याजवळचं ‘फॉरवर्डिंग’ ही दोन पानं उघडून बघा. तिथे तुम्ही न केलेला नियम किंवा अनोळखी पत्ता दिसला, तर तो ताबडतोब काढा, पासवर्ड बदला आणि बँकेला फोन करा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्याचीही ही दोन पानं त्यांच्या शेजारी बसून एकदा तपासून द्या.