यंत्राचा फोन
(सभेत केलेल्या भाषणावरून)



आपल्या वस्तीतील एका आजींना फोन आला. पलीकडे माणूस नव्हता, ध्वनिमुद्रित आवाज होता. "तुमचा मोबाईल दोन तासांत बंद होईल. माहितीसाठी ९ दाबा." आजींनी ९ दाबला. मग मात्र माणूस बोलू लागला, तोही पोलिसी भाषेत! पेन्शन वाचली ती नातू कॉलेजातून वेळेवर घरी आला म्हणून.

हजारो नंबर फिरवायला यंत्राला कष्ट पडत नाहीत. त्यातून ९ दाबणारा कोण, एवढेच त्याला शोधायचे असते. तेव्हा काहीही न दाबता फोन ठेवा. नंबर बंद होणार असे सांगायला 'ट्राय' कोणालाही फोन करीत नाही.

जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ वर आपला नंबर नोंदवावा. तरीही फोन आला तर सात दिवसांत तेथेच तक्रार करता येते. २०२५ पूर्वी मुदत तीनच दिवसांची होती. पण या नोंदीने चोर अडत नाही, हे पक्के ध्यानात घ्या. फसव्या फोनची खबर 'संचार साथी'च्या 'चक्षू' सोयीत द्यावी. पैसे गेलेच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० लावावा.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना जवळ बसवून त्यांचा नंबर नोंदवून टाका. मात्र त्यांच्यावर रागावू नका. त्या आजी मला अजून विचारतात, "सर, ९ दाबला म्हणजे माझ्या हातून गुन्हा झाला का हो?"