मत किती आणि ते द्यायचे कसे
(अध्यक्षीय भाषण)

निवडणूक पद्धतीची चर्चा बहुधा दोन टोकांतच फिरते : सर्वाधिक मते घेणारा विजयी ठरवायचा, की मतांच्या प्रमाणात जागा वाटायच्या. पहिल्या पद्धतीतली तफावत सर्वपरिचित आहे. पहिल्या लोकसभेत काँग्रेसला सुमारे 45 टक्के मतांवर 489 पैकी 364 जागा मिळाल्या. 2014 मध्ये बहुजन समाज पक्ष देशभरात 4 टक्क्यांहून अधिक मते घेऊनही शून्यावर राहिला, तर अण्णा द्रमुकने त्याहून कमी मतांवर 37 जागा जिंकल्या. एकाची मते राज्याराज्यांत विखुरलेली, दुसऱ्याची तमिळनाडूत एकवटलेली. या ठळक वादात एक बारीक कलम मात्र मागे पडते : एका मतदाराला किती मते, आणि ती कुणाला कशी देता येतात? या कलमाने काय घडते, हे मुंबई प्रांतात आणि पुढे महाराष्ट्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

1932 च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. राखीव जागेवर निवडून येणारा आपल्या समाजाला जबाबदार राहील की बहुसंख्याकांना, हा प्रश्न करारानेही सुटला नव्हता. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांताने त्याला एक उत्तर दिले. मतदारसंघ बहुसदस्यीय, जितक्या जागा तितकी मते, आणि हवी तर सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा. ही एकत्रित मतदानाची पद्धत.

तिचे गणित सोपे आहे. तीन जागा आणि 1000 मतदार असतील तर एकूण मते 3000. त्यांतल्या 260 मतदारांनी आपली तिन्ही मते एकालाच दिली तर त्याला 780 मिळतात. उरलेल्या 740 मतदारांनी आपली 2220 मते तिघांत सारखी वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला 740 येतात. म्हणजे पाव हिश्शापेक्षा किंचित मोठा, संघटित गट आपला एक माणूस निवडून आणतोच. त्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने 17 उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आले. खुद्द आंबेडकरांसमोर मुंबईत काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू हरले.

1951-52 च्या लोकसभा निवडणुकीत राखीव जागा असलेले मतदारसंघ बहुतेक द्विसदस्यीय होते, पण कलम बदलले. मते दोन, मात्र दोन्ही एकाला देता येत नव्हती. आता 1000 पैकी 600 जण एका बाजूला असले, तर दोन्ही जागा त्यांच्याच. उरलेल्या 400 जणांना कितीही एकी करून एकही जागा मिळत नाही. उत्तर मुंबईत आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून राखीव जागेसाठी आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर आंबेडकरांपेक्षा सुमारे 14 हजार मतांनी पुढे राहिले. बाद ठरलेली मते 70 हजारांवर होती. मतदारांना दुसरे मत कुजवायला, म्हणजे वाया घालवायला सांगितले गेले, असा आरोप करत आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक याचिका केली. कुजवण्याचा मोह मुळात या कलमातच होता : दुसरे मत दिले तर ते आपल्याच पहिल्या पसंतीच्या विरोधात जाऊ शकते. त्याच वर्षी आंबेडकर राज्यसभेवर गेले. ती निवड आमदारांनी एकल संक्रमणीय मताने, म्हणजे प्रमाणशीर पद्धतीने केली होती.

जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध करणारेही आंबेडकरच होते. देशात साक्षरता नाही आणि संसदीय सरकारला स्थैर्य हवे, ही त्यांची कारणे. दुसरे कारण आजही विचारात घ्यावे लागते. पहिल्याचा जोर मात्र ओसरला आहे.

द्विसदस्यीय मतदारसंघांचा शेवट वेगळ्याच प्रकरणाने जवळ आणला. 1957 मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे अनुसूचित जमातीच्या दोन उमेदवारांना सर्वाधिक मते मिळाली, दोन्ही जागा त्यांच्याकडे गेल्या आणि सर्वसाधारण जागेचे उमेदवार व्ही. व्ही. गिरी बाहेर राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. 1961 च्या कायद्याने असे मतदारसंघ मोडण्यात आले.

बहुसदस्यीय रचना महाराष्ट्रात परतली ती महापालिकांच्या प्रभाग पद्धतीतून. 2017 मध्ये मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते. नाव जुने असले तरी कलम अगदी निराळे. प्रभागातील जागा अ, ब, क, ड अशा सुट्या असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी एकेक मत देतो. म्हणजे एकाच भूभागावर चार स्वतंत्र लढती होतात, आणि प्रभागात थोडी आघाडी असलेल्या पक्षाचे पूर्ण पॅनल निवडून येण्याची शक्यता वाढते. लहान पक्ष, अपक्ष आणि एखाद्या वस्तीपुरता प्रभाव असलेला कार्यकर्ता यांना एकसदस्यीय वॉर्ड त्यापेक्षा बरा. निदान तिथे त्यांची वस्ती मोठ्या प्रभागात विरघळत नाही. प्रभाग दोनचा असावा की चारचा, यावर सरकारे बदलली की वाद रंगतात. मत देण्याच्या रीतीवर मात्र चर्चा होत नाही. वास्तविक याच चार जागांवर 1937 चे कलम लावले, तर पाचव्या हिश्शाहून थोडा मोठा गटही एक नगरसेवक निवडून आणू शकेल. आणि महापालिका निवडणुकीची ही रीत राज्य विधिमंडळाच्याच कायद्याने ठरते.