'वरती' तक्रार केल्यावर काय होतं?
(वसई येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



ठाण्यात दाद लागली नाही की आपण बाईला म्हणतो, "चल, वरती तक्रार करू." हे 'वरती' म्हणजे कुठे आणि तिथे काय होतं, एवढंच आज मी सांगणार आहे.

वसई-विरारची पोलीस ठाणी पूर्वी पालघरच्या अधीक्षकांकडे होती. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं आयुक्तालय झालं. त्याला दोन महिनेही झाले नव्हते. २३ नोव्हेंबर २०२० ला वसईच्या एका तरुणीने तुळींज ठाण्यात अर्ज दिला. जोडीदार मारतो, आज गळा दाबून जीव घ्यायला निघाला होता, तुकडे करीन म्हणतो, असं तिने स्वतः लिहिलं होतं. पुढे 'भांडण मिटलं, तक्रार नाही' असंही तिनेच लिहून दिलं आणि अर्ज निकाली निघाला. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. त्या जोडीदारावर खुनाचा खटला भरला गेला. तिचं नाव तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या अर्जावर काय झालं याची विशेष पथकाकडून चौकशी जाहीर केली. म्हणजे पोलिसांची चौकशी पुन्हा पोलिसांकडेच.

खात्यातली चौकशी चालते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २५ खाली आणि १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांप्रमाणे. आधी प्राथमिक चौकशी, मग दोषारोप, मग विभागीय चौकशी. शिक्षा ताकिदीपासून बडतर्फीपर्यंत असू शकते. बडतर्फीआधी शिपायाला बाजू मांडू दिली पाहिजे, हे घटनेचं ३११ वं कलम सांगतं. ते योग्यच आहे. आपल्यालाही न्याय हवा आहे, बळीचा बकरा नको. पण या सगळ्यात तक्रारदार बाई फक्त साक्षीदार असते. प्रकरण खातं आणि नोकर यांच्यातलं. नोंद केली का, वेळेत केली का, हे तिथे विचारलं जातं. बाई एकटी घरी परत गेली तेव्हा तिचं काय होणार होतं, हे विचारायला तिथे रकानाच नाही.

"तिनेच माघार घेतली, आम्ही काय करणार?" हे उत्तर आपण किती वेळा ऐकलं आहे! गळा दाबून मारायचा प्रयत्न हा दखलपात्र गुन्हा आहे. असा गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. एकदा गुन्हा नोंदला की बाईच्या एका कागदाने तो ठाण्यातच संपत नाही. अर्ज मात्र संपतो. म्हणून अर्जावर भागवणं ही साधी गोष्ट नाही. माघारीचा कागद कोणासमोर, कोणाच्या दबावाखाली लिहिला गेला, ही खरी चौकशीची बाब आहे.

बाहेरची देखरेख आपल्याला फुकट मिळालेली नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. त्यावर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. २००६ साली प्रकाशसिंग खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापन करा असा आदेश झाला आणि महाराष्ट्राने २०१४ साली त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कोठडीतला मृत्यू, बलात्कार, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, अधिकाराचा गैरवापर या तक्रारी तिथे नेता येतात. अहवाल मात्र सरकारकडे जातो, म्हणून पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

आणखी एक फट पाहा. लैंगिक अत्याचाराची फिर्याद नोंदवली नाही तर त्या पोलिसाला कैद होऊ शकते. ही तरतूद २०१३ साली आली, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. नवऱ्याकडून होणारा छळ मात्र त्या यादीत नाही. घरात मार खाणाऱ्या बाईची तक्रार टाळणाऱ्याला या कलमाखाली शिक्षा नाही. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर हातात आहे ते करू या. अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. नोंद अदखलपात्र केली की गुन्हा दाखल केला, ते वाचून घ्या. नकार मिळाला तर तोच मजकूर टपालाने आयुक्तालयात पाठवा. तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. चौकशीचा निष्कर्ष लेखी मागा. आणि बाई माघार घ्यायला निघाली तर तिच्यावर रागावू नका. त्या दिवशी तिच्यासोबत ठाण्यात जा. तिला सगळ्यात जास्त सोबत लागते ती त्याच दिवशी.