हिप-हॉप, जाझ आणि आपला जलसा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. हिप-हॉप हा शब्द सुशिक्षित घरांत शिरला तो बहुधा मुलांच्या हेडफोनमधून, अथवा रस्त्यावरून जाणाऱ्या मिरवणुकीच्या कर्ण्यांतून. त्यामुळें 'गातां न येणाऱ्यांचें गाणें' अशीच त्याची ख्याति वडील मंडळींत झाली आहे. हा समज सर्वस्वी निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. वाईट रॅप पुष्कळ आहे, जशीं वाईट नाट्यपदेंही एके काळीं पुष्कळ होतीं. परंतु कोणत्याही कलेची परीक्षा तिच्या उत्तम नमुन्यावरून करावी, हा रसिकांचा जुना न्याय आहे. त्या न्यायानें आज एका ध्वनिमुद्रिकेचा परिचय करून द्यावयाचा आहे. ती १९९५ सालच्या जानेवारी महिन्यांत अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. वादकसंघाचें नांव 'द रूट्स', म्हणजे मुळें; आणि मुद्रिकेचें नांव 'डू यू वॉन्ट मोअर', म्हणजे 'आणखी हवें का?'. हिप-हॉप असूनही ती जवळजवळ संपूर्णपणें माणसांनीं प्रत्यक्ष वाद्यें वाजवून सिद्ध केलेली आहे, आणि तिच्यांत जाझ संगीताचें रक्त खेळत आहे. हिचा आपल्या छत्रपति संभाजीनगराशीं संबंध काय, असें आपण विचाराल. तो संबंध आहे, आणि तोच सांगण्यासाठीं मीं हा विषय घेतला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं, जमैकांत जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलानें आपल्या बहिणीच्या मेजवानींत तबकड्या वाजविल्या. नाचणारीं मुलें सर्वांत रंगतात तीं गाण्यांतील गायन थांबून नुसता ढोलांचा तुकडा वाजतो तेव्हां, हें त्यानें हेरलें होतें. तो तुकडा चारदोन मात्रांत संपे. म्हणून त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवरचा सुरू करावयाचा, अशा रीतीनें तो ठेका त्यानें हवा तितका लांबविला. त्या ठेक्यावर यमकें जुळवून बोलण्याची जी रीत पडली, तीच पुढें रॅप म्हणून प्रसिद्ध झाली. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क नगरपालिका दिवाळखोरीच्या काठावर होती. शाळांतील शिक्षकांवर, विशेषतः संगीतासारखे विषय शिकविणाऱ्यांवर, कुऱ्हाड कोसळली. गरिबांच्या मुलांपाशीं वाद्य नव्हतें, शिक्षक नव्हता. घरांत जुन्या तबकड्या मात्र होत्या. त्यांनीं तबकडीलाच वाद्य केलें. यंत्राचा हा उपयोग दारिद्र्याच्या पोटीं जन्माला आला, हें विसरून त्याला नांवें ठेवणें न्यायाचें होणार नाहीं.

परंतु या युक्तीला एक काळी बाजूही होती. पुढें जुन्या मुद्रिकांतील तुकडा कापून तो पुनःपुन्हा वाजविणारीं विद्युत्-यंत्रें स्वस्त झालीं. जेम्स ब्राऊन या विख्यात गायकाच्या पथकांत क्लाइड स्टबलफील्ड नांवाचा ढोलवादक होता. १९६९ सालीं त्यानें एका गाण्यांत कांहीं क्षण एकट्यानें ढोल वाजविला. तो तुकडा पुढें शेंकडों गाण्यांचा पाया झाला. त्यांतून अनेकांनीं संपत्ति मिळविली. पण ज्या हातांनीं तो ठेका धरला, त्या हातांचा त्यावर कायदेशीर हक्कच नव्हता. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें परवानगीवांचून असे तुकडे घेणें बेकायदेशीर ठरविलें. तेव्हांपासून पैसे द्यावे लागूं लागले खरे, परंतु ते गेले मुख्यतः हक्क विकत घेतलेल्यांच्या तिजोरींत. स्टबलफील्ड २०१७ सालीं वारला. त्याचें वादन सर्वांनीं ऐकलें होतें आणि त्याचें नांव फार थोड्यांना ठाऊक होतें.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे फिलाडेल्फिया शहरांतील त्या दोन विद्यार्थ्यांचें महत्त्व कळेल. अहमीर थॉम्प्सन आणि तारिक ट्रॉटर हे कलाशिक्षण देणाऱ्या एका सरकारी शाळेंत १९८७ सालीं एकत्र आले. थॉम्प्सनचा बाप ली अँड्र्यूज हा पूर्वीच्या पिढींतील नांवाजलेला गायक. मुलगा लहानपणापासून बापाच्या कार्यक्रमांत ढोल वाजवीत मोठा झाला. आपल्याकडे ज्याला घराण्याची तालीम म्हणतात, तीच ही. हे दोघे पदपथावर उभे राहून कार्यक्रम करीत. एक ढोल वाजवी, दुसरा त्यावर यमकें रची. बाकीचें यंत्र-तंत्र कांहीं नाहीं. पुढें बास वाजविणारा लेनर्ड हबर्ड, विद्युत्-पियानो वाजविणारा स्कॉट स्टॉर्च आणि दुसरा शब्दकार मलिक अशी मंडळी मिळत गेली, आणि १९९५ ची ती मुद्रिका तयार झाली.

आतां तिच्या अंतरंगाकडे वळूं. आपल्या संगीताच्या परिभाषेंत सांगावयाचें तर तिची रचना अशी आहे: ढोलवादक ठेका धरतो, बास त्या ठेक्याला खर्जाचा आधार देतो, पियानो दोनचार सुरांची कमान पुनःपुन्हा उभारतो, आणि त्या चौकटींत शब्दकार आपले बोल टाकतो. कधीं तो समेवर येतो, कधीं मुद्दाम सम चुकवून पुढच्या आवर्तनांत वाक्य पुरें करतो. ज्यानें तबलजींची पढंत ऐकली आहे, त्याला यांतील गंमत तत्काळ कळेल. पढंतीच्या बोलांना अर्थ नसतो, येथील बोलांना तो असतो. लयीचा हिशेब मात्र दोहींकडे सारखाच कडक. रॅझेल नांवाचा एक गडी तर नुसत्या तोंडानें ढोल, झांज आणि कर्णा यांचे आवाज काढतो. आपल्या 'धा धिं धिं धा' चा तो दूरचा चुलतभाऊच म्हणावा.

जाझचा अंश येथें शोभेपुरता आणलेला नाहीं. स्टीव्ह कोलमन आणि ग्रेग ऑस्बी हे नामांकित सॅक्सोफोनवादक, ग्रॅहॅम हेन्स हा कर्णेवादक आणि कॅसँड्रा विल्सन ही गायिका यांनीं या मुद्रिकेंत भाग घेतला. एका गाण्यांत तर फिलाडेल्फियाच्याच रूफस हार्ले या वृद्ध जाझवादकानें चक्क बॅगपाईप, म्हणजे लष्करी बँडांत वाजते ती मशकबीन, वाजविली आहे. जाझचें मर्म तत्क्षणीं सुचलेल्या विस्तारांत आहे. मूळ चाल ठरलेली, पण प्रत्येक वादक आपल्या पाळींत तिला नवें वळण देतो आणि इतरांनीं तें ऐकून आपलें वादन बदलावयाचें असतें. कापलेला तुकडा कोणाचें ऐकत नाहीं. गाणारा थकला काय, चढला काय, तो आपला तसाच फिरत राहतो. मुद्रिकेचें सगळें चैतन्य या परस्परांच्या ऐकण्यांत आहे.

येथें कोणी म्हणेल, मग यंत्र टाकाऊच कीं! असा घाईचा निकाल मात्र देऊं नये. डेट्रॉइट शहरांतील जेम्स यॅन्सी, ज्याला 'जे डिला' म्हणतात, हा संपूर्णपणें यंत्रावर काम करणारा कलावंत २००६ सालीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारला. यंत्र ठोक्यांना सरळ रेषेंत बसवूं पाही. त्यानें ती सोय नाकारली आणि ठोके किंचित् मागेंपुढें ठेवून यंत्राला माणसासारखें झुलावयास लाविलें. १९९५ च्या मुद्रिकेंत थॉम्प्सनचा हात यंत्राला लाजवील इतका रेखीव होता. डिलाचें काम ऐकल्यावर तो झुलता ठेका धरण्यास शिकला, आणि २००० सालच्या डी'अँजेलोच्या 'व्हूडू' या मुद्रिकेंत तो ऐकूं येतो. म्हणजे यंत्र हातापासून शिकलें आणि हात यंत्रापासून. वाद खरा तो हाताचा मान राहतो कीं नाहीं, याचा आहे.

'द रूट्स'ची ती मुद्रिका प्रथम विक्रींत पहिल्या पंक्तीला बसली नाहीं. तथापि तिनें पाडलेली वाट बुजली नाहीं. केन्ड्रिक लामार यानें २०१५ सालीं कमासी वॉशिंग्टन, रॉबर्ट ग्लॅस्पर इत्यादि जाझवादकांना बरोबर घेऊन अशाच जातीची मोठी कृति केली. आणि २०१८ सालीं त्याच्या पुढच्या मुद्रिकेला संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अभिजात संगीत अथवा जाझ यांबाहेरील कृतीस तें मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

आतां आपल्या घराकडे येऊं. जाझ मराठी कानाला अगदींच परका नाहीं. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत जी धमाल उडविली, तींत गोव्याच्या अल्दोना गांवचे चिक चॉकलेट या कर्णेवादकाचा मोठा वांटा होता. गोमंतकांतील चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकून मुंबईस आलेले असे अनेक वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत राबले. पडद्यावर त्यांचीं नांवें क्वचितच आलीं. स्टबलफील्डची कथा आपल्याकडेही घडली आहे!

शब्द आणि ठेका यांची जोडी तर आपल्या भूमीची जुनी ठेव आहे. येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरील पैठणास सोळाव्या शतकांत नाथांनीं भारुडें रचलीं. वासुदेव, जोशी, गोंधळी यांचीं सोंगें घेऊन, टाळमृदंगाच्या साथीवर, लोकांच्या रोजच्या बोलींत त्यांनीं लोकांचे दोष त्यांच्याच पदरांत घातले. विसाव्या शतकांत आंबेडकरी जलशांनीं ढोलकी, डफ आणि तुणतुणें घेऊन गांवोगांव हेंच केलें. ज्याला अक्षर वाचतां येत नव्हतें, त्याला हक्काचा अर्थ जलशानें शिकविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं या शहरांत महाविद्यालय काढलें, तेंच मिलिंद महाविद्यालय. तेथील प्राचार्य म. ना. वानखेडे हे अमेरिकेंत शिकून आलेले. तेथील कृष्णवर्णीयांचें साहित्य आपल्या तरुणांनीं वाचावें, असा आग्रह त्यांनीं धरला. गंगाधर पानतावणे यांचें 'अस्मितादर्श' याच शहरांतून निघूं लागलें. १९७२ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या दलित पँथरनें तर आपलें नांवच अमेरिकेंतील ब्लॅक पँथरवरून घेतलें. साहित्याच्या क्षेत्रांत ही तुलना आपल्या नगरानें अर्ध्या शतकापूर्वींच केली. संगीताच्या क्षेत्रांत ती करावयाची राहिली आहे.

आणि ती करण्याची वेळ आली आहे, असें मला वाटतें. या शहरांतील मुलें आज मराठींत रॅप रचीत आहेत. त्यांच्या शब्दांत बळ आहे याची साक्ष शासनयंत्रणेनेंही दिली आहे: २०२३ सालच्या एप्रिलमध्यें येथील राज मुंगसे या तरुणावर त्याच्या एका राजकीय गाण्यावरून अंबरनाथ येथें गुन्हा नोंदविण्यांत आला. त्या गाण्याविषयीं मतभेद असूं शकतील. पण ज्या शब्दाची कोणी दखल घेत नाहीं, त्यावर फिर्याद होत नाहीं, हें उघड आहे. मात्र यांपैकीं बहुतेक मुलांचा ठेका परदेशांत बनलेला, मोबाईलवर आयता उतरवून घेतलेला असतो. त्याच वेळीं त्यांच्याच गल्लींतील हलगीवाला, संबळवाला आणि ढोलकीवाला लग्नसराईंतल्या कर्ण्यांपुढें हतबल होऊन बसला आहे. वरातींत त्याची जागा डीजेनें घेतली. गायकाच्या कार्यक्रमांत ती तयार ध्वनिफितीनें घेतली. बापाची कला मुलगा शिकत नाहीं, कारण तिच्यांत पोट भरत नाहीं. हलगीचे कित्येक ठेके कागदावर उतरलेले नाहींत; ते फक्त मनगटांत आहेत. मनगट गेलें कीं ठेका गेला.

फिलाडेल्फियाच्या त्या दोन मुलांपासून घ्यावयाचा धडा हाच आहे. त्यांनीं नव्या शब्दाला जुन्या वादकांच्या शेजारीं नेऊन बसविलें. बॅगपाईपवाल्या वृद्धाला बोलाविलें, त्याचें नांव छापलें. आपल्या तरुणांना संबळवाल्याकडे जाण्यास आगगाडीही लागत नाहीं. त्यांनीं एक गाणें तरी असें करावें कीं ज्यांत ठेका समोर बसलेल्या माणसाचा आहे, त्याला ठरलेलें मानधन दिलें आहे आणि त्याचें नांव गायकाच्या नांवाबरोबर आहे. आपल्या विद्यापीठांत नाट्यशास्त्राचा विभाग आहे, शहरांत नाट्यगृहें आहेत, गणेशोत्सव आणि भीमजयंती यांच्या समित्या आहेत. वर्गणीचा अल्पसा भाग जरी कर्ण्यांकडून वादकांकडे वळला, तरी दहा घरांची चूल पेटेल आणि दहा मुलें ढोलकीला हात लावतील.

आणि आपण, घरांतील वडील मंडळी? आपणांस माझी विनंति इतकीच कीं ही मुद्रिका एकदां मुलांबरोबर बसून ऐकावी. कांहीं ठिकाणीं भाषा शिवराळ आहे, हें आधींच सांगून ठेवतों. पहिल्या वेळीं शब्दांकडे लक्ष देऊं नये. केवळ ढोल ऐकावा. दुसऱ्या वेळीं बासचा खर्ज धरावा. तिसऱ्या वेळीं शब्द कोठें समेला भेटतात आणि कोठें तिला हुलकावणी देतात, तें पाहावें. मग मुलालाच विचारावें, 'तुझ्या गाण्यांत ठेका कोण धरतो?' त्याच्यापाशीं उत्तर नसेल, तर दोघांनीं मिळून गल्लींतल्या ढोलकीवाल्याचें दार ठोठवावें.