धिंगरी अळंबी : अन्न म्हणून द्या, औषध म्हणून नको

(मिशनच्या मदतनीस मंडळींच्या सभेत आरोग्यसेविकेने केलेले भाषण)



रूथ शेतात सरवा वेचत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. भात झोडल्यावर उरणारा पेंढाही मला सरव्यासारखाच वाटतो. जव्हार-मोखाड्याकडे पेंढा मिळतो, आणि त्यावर धिंगरी अळंबी पिकते. त्यामुळे जिच्या नावावर शेत नाही, तिलाही घराच्या सावलीत हे पीक घेता येते. पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, बियाण्याचे थर देत पिशवीत भरला की तीन-चार आठवड्यांत पहिली काढणी होते. एक किलो वाळलेल्या पेंढ्यावर अर्धा किलो किंवा त्याहून थोडी जास्त ताजी अळंबी निघते.

ती खाऊन शरीराला काय मिळते? ताज्या अळंबीत सुमारे 90 टक्के पाणी असते आणि 100 ग्रॅममध्ये सुमारे 3 ग्रॅम प्रथिने. म्हणजे ती डाळीची किंवा अंड्याची जागा घेत नाही. पण भात-नागलीत लायसिन हे प्रथिनाचे घटक कमी पडते, ते अळंबीत असते. शिवाय ब गटातील जीवनसत्त्वे, पोटॅशियम आणि तंतू मिळतात. चरबी अगदी थोडी. उन्हात वाळवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते आणि ती टिकतेही.

काही हितचिंतकांनी सुचवले, की पाकिटावर "मधुमेह व सिकलसेलवर गुणकारी" असे छापावे, विक्री वाढेल. त्यांचा हेतू चांगला आहे. तरी माझी विनंती आहे, असे छापू नये. साखर आणि कोलेस्टेरॉलवर अळंबीचे काही अभ्यास झाले आहेत, पण त्यांवरून कोणाचे औषध थांबवता येत नाही. सिकलसेल तर आईवडिलांकडून रक्तात येणारा आजार. तो कोणत्याही भाजीने बरा होत नाही. मिशनच्या नावावर लोक विश्वास ठेवतात. आपले पाकीट वाचून एखाद्या आईने मुलाच्या गोळ्या बंद केल्या, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

दुसरे, पावसाळ्यात रानातली अनोळखी अळंबी कोणी खाऊ नये. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब कित्येक तासांनी सुरू होतात. तसे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. उरलेली अळंबीही सोबत न्यावी.

तिसरे, सगळी अळंबी बाजारात जाऊ नये. प्रत्येक काढणीतला एक वाटा आधी घरच्या लेकरांच्या ताटात पडावा. आपण पाकीट विकत घ्याल तेव्हा हाही प्रश्न आम्हांला जरूर विचारा.

या बहिणींना प्रार्थनेत आठवा. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.