इस्तंबूलच्या बाजारातील पाडवा



अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात बाजाराची एक आकृती असते. मागणीची रेषा पुरवठ्याच्या रेषेला छेदते आणि त्या बिंदूवर किंमत ठरते. या आकृतीत दुकानदार नसतो, गिऱ्हाईक नसते, चहाचा पेला नसतो, आणि भाव पटला नाही म्हणून दुकानाची पायरी उतरण्याचे सोंगही नसते. आकृती खोटी नाही. परंतु बाजारात प्रत्यक्ष काय घडते हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून आज ती बाजूला ठेवून सोलापूरच्या एका कुटुंबाच्या परदेशातील एका दिवसाची हकीकत पाहू.

दिवस २६ ऑक्टोबर २०२२, बुधवार, दिवाळी पाडव्याचा. स्थळ इस्तंबूल. कुटुंब पाच माणसांचे. मुलगा पुण्यात संगणक कंपनीत नोकरीस, सून शिक्षिका, दोन शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेली आजी. आजीने उमेदीची तीस वर्षे सोलापुरात विड्या वळण्यात घालवली. तिचे यजमान यंत्रमागावर टॉवेल विणीत. मुलाने हट्टाने तिला विमानात बसवले होते. पाडव्याला आपल्याकडे व्यापारी वहीपूजन करतात. हे कुटुंब त्या सकाळी परमुलखातल्या वह्यांत भर घालण्यास निघाले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

इस्तंबूलचा आच्छादित बाजार, तुर्की भाषेत कापालीचार्शी, हा दुसऱ्या मेहमेदाने १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर काही वर्षांतच उभारावयास घेतला. पुढे तो वाढत गेला. १८९४ चा भूकंप आणि १९५४ ची आग सोसूनही टिकला. आज साठेक गल्ल्या आणि सुमारे चार हजार दुकाने एका छपराखाली आहेत. मराठी माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. दुकानाला तिथे ‘दुक्कान’च म्हणतात, हिशेबाला ‘हेसाप’ आणि घासाघिशीला ‘पाझारलिक’, म्हणजे मुळात आपला बाजारच. फारसी आणि अरबी शब्दांनी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर केवढा प्रवास केला आहे!

पहिल्याच दुकानात टॉवेल होते. आपण ज्याला ‘टर्किश टॉवेल’ म्हणतो त्याचे नाव उगीच पडलेले नाही. फासांची ही वीण तुर्कस्तानातली. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती तिथून इंग्लंडात नेली, तिच्यासाठी यंत्र तयार झाले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो टॉवेल मांडला गेला. यंत्रावरची ती वीण पुढे सोलापूरच्या मागांवर आली. म्हणजे आजीच्या यजमानांनी जन्मभर जो माल विणला, त्याच्या माहेरी आजी उभी होती. मुलाला याची कल्पना नव्हती. आजीलाही नव्हती. पण तिने टॉवेल उलटा केला, काठ चाचपला, एक फास नखाने ओढून पाहिला आणि हातावर घेऊन वजनाचा अंदाज घेतला. या विणीत एक ताणा घट्ट असतो व दुसरा सैल, आणि सैल ताण्याचे फास होतात. हे तिला पुस्तकातून कळलेले नव्हते.

दुकानदाराने चहा मागवला. कमरेशी बारीक असलेल्या काचेच्या पेल्यांतून तो आला. मुलगा बिचकला, चहा घेतला म्हणजे माल घ्यावाच लागेल असे त्याला वाटले. आजी निर्धास्तपणे प्याली. भाव सांगण्यास गणकयंत्र पुढे आले. दुकानदाराने आकडे दाबले, पडदा फक्त मुलाच्या बाजूला वळवला: एका टॉवेलास ४०० लिरा. त्या दिवसांत एक लिरा साधारण साडेचार रुपयांना पडत असे. मुलाने १५० दाबले. दुकानदाराने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो; शेजारी उभ्या असलेल्यास भाव कळू नये, हाच त्यातला हेतू. गणकयंत्राचा वळवलेला पडदा म्हणजे तो रुमालच.

धाकट्या नातीने मध्येच विचारले, “यावर एमआरपी कुठे छापलीय?” सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे १९९० पासून आली. त्यानंतर जन्मलेल्या पिढीला किंमत ही वस्तूच्या अंगावर जन्मतःच असलेली खूण वाटते. वस्तुतः एकच भाव सर्वांना, ही कल्पना तशी अलीकडची. पॅरिसमध्ये ‘बाँ मार्शे’ या दुकानात आरिस्तिद बुसिको याने १८५२ नंतर ती रुळवली, ती सचोटीच्या ओढीने जेवढी, तेवढीच घासाघीस करण्यात विक्रेत्यांचा वेळ जातो म्हणून. उलट उस्मानी राज्यात पाव, मांस अशा जिनसांचे भाव सरकार बांधून देई. त्याला ‘नर्ख’ म्हणत, आणि हा शब्दही आपल्याला ‘निरख’ म्हणून ओळखीचा आहे. तेव्हा पूर्वेकडे घासाघीस आणि पश्चिमेकडे ठरीव भाव, ही प्रवासवर्णनांतली वाटणी फारशी टिकत नाही.

सौदा २२५ वर तुटला. चार टॉवेल, नऊशे लिरा. दुकानदाराने नोटा हनुवटीला लावल्या आणि म्हणाला, “सिफ्ताह.” मुलगा गोंधळला. आजी म्हणाली, “अरे, भवानी झाली त्याची.” दिवसाची पहिली विक्री, ती मोडायची नाही. हा शब्द तिला भाषांतर करून सांगावा लागला नाही.

येथे दुकानदाराची बाजूही पाहिली पाहिजे. त्या महिन्यात तुर्कस्तानातील महागाईचा अधिकृत वार्षिक दर ८५ टक्क्यांच्या वर गेला होता. व्याजदर वाढवल्याने महागाई वाढते, असे अध्यक्ष एर्दोगान यांचे मत; त्यामुळे सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्के असलेला मध्यवर्ती बँकेचा दर ऑक्टोबर २०२२ मध्ये साडेदहावर आणला गेला होता. अशा काळात व्यापाऱ्यापुढचा खरा प्रश्न नफ्याचा राहत नाही. आज विकलेल्या चार टॉवेलांच्या पैशांत उद्या चार टॉवेल येतील की तीनच, याची त्याला धास्ती असते. चारशेचा आकडा लबाडीचा होता हे खरे. पण त्यात या धास्तीचाही वाटा होता. आणि ज्यांना आकडा वाढवताच येत नाही, त्यांचे काय? जुलै २०२२ पासून तुर्कस्तानातले किमान मासिक वेतन हातात ५,५०० लिरा होते. मुलाने दिलेल्या भावाने त्यात चोवीस टॉवेल आले असते.

बाजाराच्या बाहेर पडून महमूदपाशाच्या उतारावरून कुटुंब खाली निघाले. इथे खुद्द इस्तंबूलची माणसे कपडालत्ता घेतात. तिथे एका दारात तसेच टॉवेल टांगलेले, वर पुठ्ठ्यावर लिहिलेले: १६०. मुलाचा चेहरा पडला. चार टॉवेलांमागे २६० लिरा, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये जास्त गेले होते. सकाळी चारशेचे सव्वादोनशे केल्याचा जो आनंद होता तो उतार संपेपर्यंत मावळला. सून म्हणाली, “आई, तुम्हाला माल कळत होता, मग बोलला का नाहीत?” आजी म्हणाली, “माल कळला गं. हितला भाव कुठं कळतोय मला?” दोन ज्ञाने वेगळी आहेत, हे इतक्या थोडक्यात प्राध्यापकांनाही सांगता येत नाही. मोरोक्कोतील सफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करणारे क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७८ मध्ये हेच मांडले होते: अशा बाजारात सर्वांत दुर्मिळ गोष्ट माहिती असते, म्हणून तिथला माणूस आपल्या नेहमीच्या दुकानदाराला धरून राहतो. प्रवाशाला नेहमीचा दुकानदार नसतो.

पण मसाल्यांच्या बाजारात पारडे फिरले. सतराव्या शतकातील ही इमारत इजिप्तच्या महसुलातून बांधली गेली, म्हणून तिचे नाव ‘मिसर चार्शीसी’. एका टोपलीत तांबूस-पिवळ्या पाकळ्यांचा ढीग, वर पाटी ‘तुर्की केशर’, भाव अगदीच स्वस्त. सून पिशवी भरून घेण्याच्या बेतात. आजीने चिमूटभर पाकळ्या तळहातावर चोळल्या आणि म्हणाली, “ही करडई हाय की!” ज्वारीच्या रानाला गुरे शिरू नयेत म्हणून कडेने काटेरी करडई लावणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला ते फूल ओळखण्यास अडचण ती कसली? विक्रेताही दिलदार निघाला. तो मोठ्याने हसला, “आस्पिर, आस्पिर,” असे कबूल केले आणि खरे केशर काचेच्या लहान डबीतून काढून दाखवले. त्याचा भाव ऐकून सर्वांनी डबी आदराने परत केली.

खरेदीदाराला मालाची पारख नसली की वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात दाखवले. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निबंध गाजला तो जुन्या मोटारींच्या उदाहरणामुळे. परंतु तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणीही त्या निबंधात आहे. तिची आठवण अर्थशास्त्राच्या वर्गात क्वचितच निघते.

संध्याकाळी कुटुंब फातिह भागातल्या बुधवारच्या आठवडी बाजारात गेले. इथे प्रवासी जवळजवळ नव्हते. भाजी, चीज, ऑलिव्ह, फळे. चाकांच्या पिशव्या ओढणाऱ्या बायका. प्रत्येक ढिगावर किलोचा भाव पुठ्ठ्यावर लिहिलेला, काही पुठ्ठ्यांवर जुना आकडा खोडून नवा. घासाघीस फार ऐकू येईना. अंधार पडू लागला तसे विक्रेते ओरडून भाव उतरवू लागले, आणि त्याचीच वाट पाहत थांबलेल्या बायका पुढे सरकल्या. उतरलेला भाव एकीच्या कानात सांगितलेला नव्हता. तो सर्वांना ऐकू गेला आणि सर्वांना मिळाला. सकाळचा गणकयंत्राचा पडदा आणि संध्याकाळची ही आरोळी, यांतला फरक ध्यानात घ्यावा. मुंबईत १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी उभारलेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्याही भावच करीत होत्या. मात्र वाण्याच्या ओट्यावर एकेकीने नव्हे, तर सर्वांसाठी आणि सरकारशी.

बिअॅट्रिस व सिडने वेब यांच्या ‘इंडस्ट्रियल डेमॉक्रसी’ या १८९७ च्या ग्रंथात घासाघिशीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचा मुद्दा असा की दुकानातला सौदा हा एकटा नसतो, ती साखळी असते. गिऱ्हाईक दुकानदाराला दाबते, दुकानदार ठोक व्यापाऱ्याला, तो कारखानदाराला, आणि शेवटी कारखानदारासमोर कामगार उभा असतो, ज्याच्या मागे दाबण्यास कुणी नाही. अर्थात मुलाने वाचवलेले १७५ लिरा थेट विणकराच्या खिशातून आले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यातला बहुतेक भाग दुकानदाराने वाढवून सांगितलेला होता. पण महमूदपाशातला १६० चा भाव कुणाच्या मजुरीवर उभा होता, हा प्रश्न उरतोच.

रात्री मुक्कामावर मुलाने आजीला विचारले, “विडीच्या कारखान्यात तू भाव कसा करायचीस?” ती म्हणाली, “कसला भाव? टोपली पुढं ठेवायची. कारकून बघायचा, वाटंल तेवढी छाट काढायचा. पानं त्याची, तंबाखू त्याची, मोजणी बी त्याचीच. उठून जायचं सोंग करावं तर दारात दुसऱ्या धा बाया हुब्या.” नंतर युनियन झाली, हजारी विड्यांचा दर ठरला, छाटीवरची भांडणे मात्र चालूच राहिली. एवढे सांगून ती टॉवेलांच्या घड्या घालू लागली. तिच्या मते वीण चांगली होती, काठ जरा कच्चा.

पाडवा म्हणून सुनेने वहीचे कोरे पान काढले आणि हिशेब लिहिला. टॉवेल चार, नऊशे. केशर, घेतले नाही. डाळिंबे दोन किलो, पाटीवरच्या भावाने.