अज्ञान वारसाची जमीन

परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ तालुका हा गोदाकांठचा मुलूख. या भागांतील कित्येक कुटुंबें आज पुण्यामुंबईस स्थायिक झालीं आहेत. पण गांवच्या सात-बारावर त्यांचीं नांवें अजून आहेत. अशा घरांतील कर्ता पुरुष अकालीं गेला, मागें तरुण पत्नी व लहान मूल राहिलें, म्हणजे दिवसकार्य आटोपतांच भावकींतील कोणी वडीलधारा हक्कसोडपत्राचा कागद पुढें करितो. "सूनबाई, सही तेवढी करा, पोराचें आम्ही पाहूं." हें बोलणें नेहमींच कपटाचें असतें असें नाहीं. परंतु त्या एका सहीनें काय जातें आणि काय जात नाहीं, हें त्या घरांत सहसा कोणास ठाऊक नसतें.

जुन्या हिंदु कायद्यांत विधवेची स्थिति कशी होती, हें ताई महाराज प्रकरणावरून उत्तम दिसतें. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित १८९७ सालीं वारले. मृत्युपत्रान्वये नेमलेल्या ट्रस्टींत लोकमान्य टिळक होते. पतीच्या मागें ताई महाराजांस मुलगा झाला, पण तो थोड्याच दिवसांत गेला. तेव्हां ट्रस्टींच्या संमतीनें दत्तक घेण्याचा प्रश्न आला. जून १९०१ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे सोनपेठाप्रमाणेंच तेव्हां निजामाच्या राज्यांत असलेल्या गांवीं, जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेण्यांत आला. पुढें दोनच महिन्यांत ताई महाराजांनीं तो दत्तक नाकारून कोल्हापुरास बाळा महाराजांस दत्तक घेतलें. टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला; १९०३ सालची शिक्षा उच्च न्यायालयानें १९०४ सालीं रद्द केली. दिवाणी दावा मात्र प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व १९१५ सालीं जगन्नाथाचा दत्तक कायम ठरला. ताई महाराज त्यापूर्वींच निवर्तल्या होत्या.

चौदा वर्षें वाद झाला तो मुलगा कोणता, याचा. विधवेची मिळकत कोणती, हा प्रश्न त्यांत जवळजवळ नव्हताच. तिचा हक्क हयातीपुरता व मर्यादित; दत्तक होतांच तोहि संपे आणि ती पोटगीची धनीण उरे. अशा स्त्रीनें दत्तकाच्या निवडीविषयीं हट्ट धरावा, यांत नवल तें काय?

१९५६ च्या कायद्यांनीं हा पायाच बदलला. मृत्युपत्र न करतां वारलेल्या हिंदु पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतींत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी व आई यांस सारखा वांटा मिळतो. पत्नीस मिळालेला वांटा पूर्ण मालकीचा असतो. विधवेनें पुढें दत्तक घेतला तरी जी मिळकत तिच्याकडे आधींच आली आहे, ती दत्तकामुळें जात नाहीं. दत्तकाचा कागद देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या सहीनें नोंदलेला असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालय तो दत्तक कायदेशीर धरतें. औरंगाबादेस काय घडलें याचा खल कित्येक वर्षें चालला, तो आतां अशा कागदानें पुष्कळ टळेल.

तेव्हां सोनपेठकडील त्या सूनबाईनें नोंदलेल्या हक्कसोडपत्रावर सही केली, तर तिचा स्वतःचा वांटा खरोखरच जाईल. मुलाचा वांटा मात्र तिला सोडतां येत नाहीं. सात-बारावर अज्ञान मुलाच्या नांवापुढें 'अ. पा. क. आई' असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ आई पालनकर्ती आहे, मालक नव्हे. मुलाची स्थावर मिळकत विकण्यास, गहाण टाकण्यास वा देऊन टाकण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते, आणि ती गरज किंवा मुलाचा उघड फायदा दाखविल्यावांचून मिळत नाहीं. परवानगीविना झालेला व्यवहार मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आंत दावा लावून रद्द करवूं शकतो. खरेदीदारानेंहि हें ध्यानांत ठेवलेलें बरें. मुलाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहते. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतींतील अज्ञानाच्या हिश्श्यास हा नियम लागू नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें आहे. पण तेथेंहि कर्त्यास कुटुंबाची खरी गरज दाखवावी लागते.

फेरफाराची नोंद म्हणजे मालकी, ही समजूतहि चुकीची. ती नोंद सारावसुलीच्या सोयीसाठीं असते. हक्क ठरवितें तें दिवाणी न्यायालय.

बापास मृत्युपत्रानें मुलाचा पालक नेमतां येतो, पण आई हयात असेपर्यंत त्या नेमणुकीस बळ नसतें. आई स्वतः कोणास न नेमतां वारली, तरच ती लागू होते. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतें, नोंदणीची सक्ति नाहीं. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्यास कांहीं मिळावयाचें आहे अशानें साक्षीदार होऊं नये.